शेपटी

पोथियाच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीमागे
सेवास्ती पहाटे साडेचारला एक फाइल उघडून बसली आहे.
कोसची बोट सहाला.
कालच्या अपडेटनंतर प्रिंटर
तिकीट म्हणून कोरा कागद पुढे करतो.

फाइल साकेलारिसची. तो आता फ्लोरिडात, मुलीकडे.
जाताना किल्ल्या दिल्या, स्टुलाचा मोडका पाय दाखवला;
या अकरा ओळींबद्दल चकार शब्द नाही.

कंसात कंस, अवतरणात कोंडलेली नावं,
आणि ओळीच्या टोकाला ते चिन्ह
ज्याला आपण अर्धविराम म्हणतो
आणि तिच्या ग्रीकमध्ये ज्यानं प्रश्न विचारतात.
ती तसंच वाचते, ओठ हलवत:
आपोआप काहीच काढू नये?
जुनी फाइल असली तर जुनीच ठेवावी?
उभा जन्म बंदरावर ओरडलेला माणूस
इथे इतका भिडस्त!

जाळीच्या चिन्हानं सुरू होणारी ओळ झोपलेली असते,
एवढं तिला ठाऊक.
पण एक डोळा किलकिला करून पडली आहे:
जाळीला चिकटून ‘क्लिअर’,
आणि ती खरंच पुसते.

मग आठवतं.
मार्चमध्ये तिनंच इथे झाडलोट केली होती.
एका नावामागे दोन अपूर्णविराम लोंबत होते,
पुढे ना नाव ना गाव.
मासळी साफ करताना कापावी तशी
तिनं शेपटी कापली.
मशीन हूं की चूं बोललं नाही.

मॅन्युअलमध्ये, पार खाली, लिहिलं आहे:
शेपटी असेल तर नवी गोष्ट यादीच्या शेवटी उभी राहते.
नसेल तर नाव घेतलं जातं,
रांगेत जागा मिळत नाही.

बाहेर रांग लागलीच आहे.
पुढे थेमेलीना, डायलिसिसची पिशवी छातीशी धरून,
काचेवर अंगठी वाजवते.

दोन टिंबं, पुन्हा दोन टिंबं.
प्रिंटरची जुनी फाइल शेजारीच सापडते,
नावाला ‘ओल्ड’ जोडून कुणीतरी बाजूला सारलेली.
ती जागेवर ठेवते. प्रिंटर खाकरतो.
थेमेलीनाचं नाव उमटतं, शेवटचं अक्षर जरा फिकट.

खिडकी उघडण्याआधी सेवास्ती एक जाळी काढते,
झोपणारी,
आणि पुढच्या माणसासाठी लिहिते:
ही शेपटी चुकून राहिलेली नाही
आणि हाताच्या सवयीनं
शेवटी तेच चिन्ह देते.