यायचं हं

चरईतला गाळा रिकामा करताना
कपाटाच्या तळाशी श्रीखंडाचा डबा सापडला.
आत छत्तीस फ्लॉप्या,
लेबलांवर माझंच अक्षर, बॉलपेनचं:
लग्न, मे. मुंज, जून. बारसं, रद्द.
उत्तरकार्य, अर्जंट.

एकीत दीड एमबीही मावायचं नाही.
आज भाचीच्या एका फोटोला अशा तीन लागतील.
तेव्हा एकीत आख्खा वैशाख बसायचा,
चेंदणीपासून कळव्यापर्यंतचा,
'कृपया आहेर आणू नये' या ओळीसकट.
आत सरकवली की आधी खट्,
मग कुरकुर, अडकित्त्यात सुपारी धरल्यासारखी.
बोडस म्हणायचे, मशीन विचार करतंय, बोलू नका.
आम्ही खरंच बोलायचो नाही.

परवा निकेत नाखवा आला,
कोळीवाड्यातला, तिशीतला, हातात हेल्मेट.
काकाच्या लग्नपत्रिकेची फाइल मिळेल का म्हणाला,
शहाण्णव सालची.
घर नवं बांधलं तेव्हा कागद गेले.
काका त्याआधीच.

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला, नऊशे रुपयांचा.
फाइल उघडली.
उघडली म्हणजे काय, फॉन्टच मेलेला.
पडद्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं,
कंस, टक्के, डॉलर,
गणपतीचा पत्ता नाही.
आकडे तेवढे शाबूत, बारा, पाच, शहाण्णव,
आणि अगदी खाली
एक उद्गारचिन्ह.

ते दिसलं आणि माझी बोटं हलली
टेबलावर, कीबोर्ड नसलेल्या जागी.
य कुठे होता, काना कुठे,
अनुस्वाराला करंगळी किती ताणायची.
चिन्हापासून उलटी चालत गेले:
हं. यायचं. लग्नाला. काकाच्या. आमच्या.
त्याखाली बारीक टायपात नावं,
सायली, भूषण, निकेत.

तीन वर्षांचा होता तो.
सगळ्या गावाला आमंत्रण त्याने दिलं होतं
आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
पुन्हा वाचा, म्हणाला.
वाचलं.

पैसे विचारले. म्हटलं, नव्याने टाइप करून देते,
सोमवारी ये.
फ्लॉपी मात्र दिली नाही.
तिच्या कोपऱ्यातली चिमुकली काळी खिटी
नखाने सरकवून खिडकी उघडी केली.
खिडकी उघडी असली
की आतलं कुणाला पुसता येत नाही,
बोडसांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं,
आणि मला तेव्हा वाटलं होतं
यांचं काहीतरी उलटं होतंय.