ओढ

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. कुणी ठरवत नाही.
विल्होकाका ट्रक घेऊन येतो,
बाबा धक्क्यावर उभे असतात,
मध्ये दोघांची मिळून एक पाँटून बोट:
ॲल्युमिनियमच्या दोन नळ्यांवर अंथरलेला ओटा,
कठडा, चार बाकं, विटलेली छत्री.
घेतली त्या वर्षी बोलत होते.

अबोला कशावरून, आम्हा पोरांना कळलं नाही.
आई म्हणायची, प्रोपेलरवरून.
काकू म्हणायची, कसला प्रोपेलर, पेट्रोल.

बोट तळ्यातून शेवाळाची दाढी घेऊन निघते.
बाबा खरवडतात.
काका नळीचं बूच काढून उकिडवा बसतो,
पोटात पाणी राहिलंय का बघत.
ओंजळभर राहिलं तरी जानेवारीत ते अंग फुगवतं
आणि सांधा उसवतं,
आवाज न करता.
ते कळतं थेट मे महिन्यात, तळ्याच्या मधोमध.

मग टाकीत औषध. इंजिन पाच मिनिटं चालू,
म्हणजे औषध घशाखाली उतरतं.
मग तेलाचा फवारा, आणि पांढरा धूर,
इतका की दोघं दिसेनासे होतात.
धुरातून नुसता खोकला येतो.
कुणाचा ते सांगता येत नाही,
दोघांचाही आजोबांचाच आहे.

बॅटरी आमच्या तळघरात, बटाट्यांशेजारी.
गाद्या काकाच्या माळ्यावर.
म्हणजे बर्फ वितळल्यावर एकट्याला बोट सोडता येणार नाही.
हेही कुणी ठरवलेलं नाही.

यंदा मागच्या बाकाचं झाकण उचललं
तर आत उंदरांचं घरटं.
लाइफ जॅकेटचा कापूस, दोरीचे धागे,
आणि बारीक कातरलेला कागद, निळ्या रेघांचा.

वही.
एक्क्याण्णव सालापासूनचं पेट्रोल, तेल, ट्रेलरचं टायर,
कुणी किती घातले, कुणाकडे किती निघतात,
पै न पै, दोन हस्ताक्षरांत.
बोलणं थांबलं तरी वही चालू होती.
आता पुठ्ठा तेवढा शाबूत.
एका तुकड्यावर सतरा डॉलर,
एकावर नुसतंच *बाकी*,
आणि मधोमध पाच पिल्लं,
करंगळीच्या पेराएवढी, डोळे न उघडलेली.

काका बघत राहिला.
बाबा बघत राहिले.
मला वाटलं, झालं, आता पेटणार.
बाबांनी कॉफीचा रिकामा डबा पुढे केला.
काकाने सतरा डॉलर आणि बाकीसकट
घरटं अलगद त्यात उतरवलं,
शेडमागच्या लाकडांत आडोसा बघून ठेवलं,
आणि परत येऊन बाकात
पुदिन्याच्या तेलाचे बोळे टाकले. भरपूर.
दया एकदाच.

राहिली ताडपत्री.
वीस हात लांब, ती एकट्याच्या बापाला आवरत नाही.
खाली पाइपांचा उंच कणा, बर्फ घसरावा म्हणून.
सपाट जागा दिली की बर्फ बसतो,
बसला की घट्ट होतो,
मग छत मोडेपर्यंत उठत नाही.
वारा तळ्यावरून आला.
ताडपत्री फुगली, बाबांच्या बोटांतून सुटायला लागली.

"ओढ," बाबा म्हणाले.

काकाने ओढली.
"अजून?"
"अजून."

एवढंच. नंतर गाठी, नंतर ट्रकचा दिवा
बर्चच्या झाडांत लहान होत गेलेला.

जानेवारीत एका रात्रीत मांडीइतका बर्फ पडला.
बाबांची कंबर धरलेली, म्हणून झाडू घेऊन मी गेले.
ताडपत्री आधीच झाडलेली.
पावलं रस्त्याकडून नव्हती,
पलीकडच्या काठावरून, गोठलेल्या तळ्यावरून
सरळ आली होती
आणि तशीच परत गेली होती.

घरी आले तर बाबा तळघरात,
बॅटरीला चार्जर लावून काट्याकडे बघत.
"गाठी?"
"घट्ट आहेत."
"त्याच्या गाठी पहिल्यापासून,"
ते म्हणाले,
आणि पुढचं राहिलंच,
एक बटाटा कोंब आलेला दिसला, तो वेगळा काढत बसले.