साठ मीटर

जूनमध्ये कॅपलिन मासे किनाऱ्यावर लोटतात
आणि त्यांच्या पाठोपाठ धुकं,
बूट न काढता थेट घरात शिरणाऱ्या सोयऱ्यासारखं.

सेंट जॉन्सच्या धावपट्टीकडेला दोन खांब आहेत.
एक उजेड सोडतो, दुसरा मोजून घेतो.
वाटेत किती गळाला, त्यावरून
टॉवरमध्ये आकडा उमटतो :
पाचशे. चारशे वीस. तीनशे दहा.
न पोचलेल्या उजेडाचा हिशेब
हे माझं काम. पगारी.

बाबा दीपगृहावर होते. भोंगा वाजवायचे,
अर्ध्या मिनिटाला एक हंबरडा.
जहाजं तीन तीन दिवस बाहेर थांबत.
तासाला किती, असं तेव्हा
कुणी धुक्याला विचारत नव्हतं.

आता विचारतात.
ओटावाहून माणसं आली, तक्ते घेऊन.
पट्टीच्या मधोमध दिवे पेरले, पंधरा पंधरा पावलांवर,
दोन विमानांमधलं अंतर पुन्हा पुन्हा मोजलं,
आणि वर्षाअखेर केक कापला :
धुक्यातही तासाला दोन जास्त.
दोन!
मी हसले. केक मात्र खाल्ला.

आज पहाटे लिअँडर स्नूक वरून म्हणाला,
"फिलोमीना, तीनशे दहा दाखवतंय.
साडेतीनशेच्या खाली मी कुणाला घेऊ शकत नाही.
वर एक घिरट्या घालतोय, इंधन बेताचं,
पाच मिनिटांत तो हॅलिफॅक्सला वळेल.
जरा बघ गं."

गेले. काचेवर मीठ,
वाऱ्यानं समुद्रावरून आणलेलं,
आणि एक पतंग, पंख पसरून चिकटलेला.
पतंग नखानं सोडवला. फडकं फिरवलं.
रेडिओ खरखरला : तीनशे सत्तर.

साठ मीटर धुकं
माझ्या फडक्याला लागलं होतं.

विमान मला दिसलं नाही.
आधी आवाज, मग ओल्या डांबरावर चाकांची किंचाळी,
मग दिव्यांची एक ओळ, सावकाश, चाचपडत,
अंधारात चष्मा शोधणाऱ्या हातासारखी.

आत कोण होतं? लेट्यूसची खोकी असतील.
कुणाचा तरी लग्नाचा झगा.
अल्बर्टाच्या तेलखाणीतून एकवीस दिवसांच्या सुट्टीवर आलेला
एखादा गडी, ज्याचे आता एकवीसच राहिले,
वीस नाही. त्याला हे कळणार नाही.
कळायचं कारणही नाही.

बाबांना सांगायला हवं होतं.
ते म्हणाले असते, "आणि उरलेलं धुकं?"

उरलेलं आहे तिथंच आहे.
टेकडी नाही, हँगर नाही, माझी गाडीही नाही.
फडकं खिशात घातलं,
आणि कुंपणाला हात लावत लावत
परत निघाले.