अकरा घरं

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये
वाजवणारे एकोणीस होते आणि खुर्च्या अठरा.
मोठ्या ढोलाचा किशन खिल्लारे उभाच असायचा,
त्यामुळे कधी अडलं नाही.

शांतवन मास्टर दिवसा लोको शेडात फिटर.
नखांत ग्रीस, आणि त्याच बोटांनी
गार्डच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर
पाच पाच रेघा ओढायचे.
माझं अक्षर बरं, म्हणून नकला माझ्याकडं:
चौदाची मी, दोन कार्बन, एक टाचणी,
दर पानाला दहा पैसे.

आमच्यात बार म्हणत नसत, घर म्हणत.
"तिसऱ्या घरात क्लॅरिनेट आत येतंय, ध्यान ठेव."
मास्टरची मोठी रचना बावीस मिनिटांची,
आणि तिच्यात युफोनियमला
शेवटची अकरा घरं रिकामी.
बाकीचे वाजवतच असतात, अन् खालचा सूर
निघून जातो,
पेटत्या चुलीतलं लाकूड कुणी ओढून घ्यावं तसा.

त्या घरांना गावानं गोष्टी पुरवल्या.
पाद्रीसाहेब म्हणाले, शुक्रवार आणि रविवारमधला तो शनिवार.
हेडमास्तर म्हणाले, मास्टरची थोरली, गोवरानं गेलेली.
परभणीच्या पेपरात आलं: नदीचं कोरडं पात्र.
युफोनियमवाले इस्माईलभाई पान थुंकून म्हणाले,
"कायकी नदी? मेरेकू नौ-चालीसकी ड्यूटी.
मैं उठके जातूं, तो मास्टर उत्ती जगा खाली रख दिये."

हॉल हसला. पाद्रीसाहेबांना मग आठवलं,
लांबच्या एका दरबारात कुणा संगीतकारानं
वादकांना एकेक मेणबत्ती विझवत उठून जायला लावलं होतं,
राजाला कळावं, यांना घरी जायचंय.
मास्टर म्हणाले,
"आमच्यात रजेचा फॉर्म असतोय."

ड्यूटीची गोष्टच टिकली. हसवणारी गोष्ट टिकते.

मग मीटरगेज उखडली, शेड मिटलं,
क्वार्टरांच्या दारांना एका माळेनं कुलपं.
शेवटच्या कार्यक्रमाला इस्माईलभाई रिटायर झालेले,
भिंतीवरच्या घड्याळात नऊ-चाळीस कधीच होऊन गेलेले,
आणि ती अकरा घरं आली.
मागून कुणी ओरडलं, "वाजवा की भाई, आता कुठं जायचंय!"
त्यांनी मास्टरकडं पाहिलं.
मास्टरची नजर छडीच्या टोकावर.
भाईंनी रुमालानं तोंडाजवळची पितळ पुसली,
वाद्य मांडीवर आडवं घेतलं, झोपलेल्या लेकरासारखं,
आणि शेवटपर्यंत बसून राहिले.

मी तिसऱ्या रांगेत होते. बोलले नाही.
मी ती नक्कल केली तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती,
खिडकीला ओलं पोतं लावलेलं.
भाईंची ड्यूटी तेव्हा दिवसाची,
रातपाळी आली ती दसरा झाल्यावर.

त्या पानावर मी अकरा घरं कोरीच सोडली होती.
मास्टरनी पान परत दिलं.
"रिकामं बी लिहावं लागतंय, पोरी.
नुसतं सोडलं तर वाजवणाऱ्याला वाटतं, चुकून ऱ्हायलं."
मग अकरा वेळा मी तो लहानसा काळा ठोकळा
रेघेखाली टांगला, कार्बन उमटेल असं दाबून.

कुणासाठी, ते विचारलं नाही.
माझं लक्ष दहा पैशांकडं.
त्या पानाचे त्यांनी वीस दिले.