पोटखराबा

हळद्या घाटात एसटीनं मला उतरवलं
तेव्हा कंडक्टर म्हणाला, काका, इथं काय आहे?
म्हटलं, माझी एक चूक आहे.
तो हसला, घंटी मारली, बस वळणाआड गेली.
मागं उरले डिझेलचा वास,
कुर्डूचे फिकट गुलाबी तुरे
आणि समोर, मान मोडेल इतका वर,
वेताळवाडीचा किल्ला.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी आलो होतो साखळी घेऊन,
मोजणी खात्यातला कोराकरकरीत पोरगा.
वैशाख होता. पाण्याची बाटली घाटातच संपली.
साखळीचं दुसरं टोक धरणारा गुलशेर म्हणत होता,
चला साहेब, वर टाकं आहे, गार पाणी आहे.
मी करंजाच्या सावलीत बसून नकाशा भरला.
बुरूज अंदाजानं, तट अंदाजानं.
शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, वळणदार अक्षरात:
पोटखराबा.
म्हणजे पिकत नाही ते.
म्हणजे ज्याचा सारा नाही, ज्याची चौकशी नाही.
साहेबांनी न बघता सही केली.

आज चढतोय.
गुडघा दर पायरीला हरकत नोंदवतो.
डोंगराच्या कुशीत काळा थर, मग तांबूस मातीची रेघ,
मग पुन्हा काळा,
घोंगड्यांची चळत रचावी तसे.
इथं आग आली होती. पातळ पिठल्यासारखी पसरली,
निवली, तिच्यावर पाऊस पडले, तिची माती झाली,
आणि मग ती पुन्हा आली.
किती वेळा, ते रेघा मोजून सांगता येईल,
मी अकरावर सोडून दिलं.
किल्ला बांधणाऱ्यांना अर्धा तट आयता मिळाला.
उरलेल्या अर्ध्यासाठी कुणाकुणाचे हात गेले
त्याचा फेरफार कुठं लागला नाही.

दरवाजावर शरभ.
नखं झिजली, शेपटी अजून चाबकासारखी.
खाली देवडीत शेळ्यांच्या लेंड्या, ताज्या.

शेळ्यांच्या मागून हुरमतबाई आली, हातात आकडी.
माझ्या खिशातला पेन बघून थबकली.
मोजणी आली का?
नाही, म्हटलं, मी एकटाच आलोय.
मग तिची आकडी खाली झाली.
गुलशेर तडवी कुठं असतो, विचारलं.
ती म्हणाली, कोणता?
आमच्यात गुलशेर चार. दोन गेले, एक सुरतेला,
एकाला ऐकू येत नाही.
मला त्याचा चेहरा आठवेना.
फक्त साखळीला बसलेला त्याच्या बाजूचा ताण आठवला.

टाक्यावर तिनं डबा सोडला.
डबा उतरत राहिला, अंधारात कुठंतरी डुबुक झालं,
आणि तो आवाज खांबांना लागून
जरा उशिरानं परत आला.
पाण्याला दगडाची चव होती.
मी तीन डबे प्यालो, उभ्यानंच, सदरा भिजवत.
ती म्हणाली, सावकाश, हे कुठं पळतंय.
मग ओट्यातून सीताफळ काढून दिलं,
एका बाजूनं पाखरानं खाल्लेलं.

उत्तरेच्या टोकाला दोनच कमानी उभ्या आहेत.
त्यातून खानदेश दिसतो, सोयगावचं धरण
उन्हात टाकलेल्या पत्र्यासारखं,
आणि वारा असा की कानात कुणी कापड फाडतंय.
मी तिथं बसून बिया खाली थुंकल्या.
एकही मोजली नाही.

परतताना टाक्यापाशी दोर पडला होता, तसाच ओला.
सवयीनं हातानं मापला.
नऊ हात कोरडा.
सहा हात भिजलेला.
पुन्हा मापला. सहाच.
एसटीच्या तिकिटाच्या पाठीवर लिहून ठेवलं:
कार्तिक, पाणी सहा हात.

पुढच्या वेळी दोर आणा, हुरमतबाई वरून ओरडली,
हा कुजलाय.
किती लांब? मी ओरडलो.
वाऱ्यानं तिचं उत्तर खानदेशात नेलं.
पण ते मला माहीत होतं.