काहून

फॉर्मच्या सातव्या रकान्यात विचारलंय:
या क्षेत्राकडे वळण्यामागची प्रेरणा, दोनशे शब्दांत.
रात्रीचे साडेदहा. उद्या शेवटची तारीख.
कूलरच्या वाळ्याला तळच्या पाण्याचा वास.
मी लिहिते, मानवसेवा. खोडते.
लिहिते, लहानपणापासूनचं कुतूहल. तेही खोडते.
लहानपणी मला कुतूहल होतं ते एवढंच
की तुमान्यांकडे फोन आला कसा, आमच्या आधी.

खरं म्हणजे मेडिकल तीन मार्कांनी हुकलं.
बाबा महालातल्या छापखान्यात
लग्नपत्रिकांची प्रुफं तपासायचे.
माझ्या निकालावरून त्यांनी सवयीनं बोट फिरवलं,
ओळ न् ओळ,
कुठे छपाईची चूक सापडते का बघत.
मग म्हणाले, मायक्रोबायोलॉजीला जागा आहे म्हणतात,
फीसुद्धा बेताची.

पहिली स्लाइड पाहिली तेव्हा
गोल पेशींच्या घोळक्यात एक वाकडी होती,
दगडावर घासून ठेवलेल्या विळ्यासारखी.
आजाराचं नाव पाठ होतं, परीक्षेपुरतं.
काचेच्या चिठ्ठीवर दुसरं नाव होतं:
कु. रोशनी मडावी, वय ६, धानोरा.
साक्षात्कार वगैरे काही झाला नाही.
डबा खाल्ला, वांग्याची भाजी होती.
फक्त तो सहाचा आकडा
निळ्या शाईतला, जरा फराटलेला.
तिचं पुढे काय झालं
हे विचारायचं मी अजून टाळते.

आम्ही पाच जण होतो एका टेबलाभोवती.
सुनयना बोस्टनला. तिथल्या उंदरांचा थाट
आपल्या वॉर्डात नाही म्हणते.
अखिलेश पुण्यात, लसीच्या कंपनीत,
पगार विचारला की आवाज खाली घेतो.
निखत कामठीला नीटचे क्लास घेते,
पोरं डॉक्टर व्हाले येतात बाप्पा,
तुयासारखं व्हाले एकही नाई.
धनराज किट विकतो,
आम्हालाच, दहा टक्के सूट देऊन.
मी इथे. फेलोशिप नऊ महिने उशिरा,
आणि घरमालकीणबाईंना दर पहिल्या तारखेला समजावणं
की पीएचडी म्हणजे डॉक्टरच, पण तशी नव्हे.

परवा रात्री वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
बाहेर बेचाळीस, आत उणे ऐंशीचा फ्रीजर,
आकडा चढतोय, उणे एकाहत्तर, उणे बासष्ट.
उईकेभाऊ अनवाणीच स्कूटरवर बसले,
हिंगण्याच्या कारखान्यातल्या चौकीदाराला उठवून
कोरड्या बर्फाची पोती आणली चादरीत गुंडाळून.
नाक्यावर पोलिसानं अडवलं,
पोत्यातून धूर काहून निघून राह्यला?
रक्त वाचवाले चाललो साहेब, हे म्हणाले.
त्यानं टॉर्च मारला, आत पाहिलं,
आणि पुढचा सिग्नल लाल असताना
स्वतःच शिट्टी मारून सोडलं.

पहाटे चारला बोटं बधिर.
उईकेभाऊ भिंतीला टेकून म्हणाले,
मॅडम, तुमी तं इतल्या शिकल्या,
काहून आल्या या लायनीत?
तीन मार्क, मी म्हटलं.
ते हसले. मग मीही.

चारशे बारा कुप्यांतल्या नऊ गेल्या.
नवांतला एक मंगेश कुमरे, नववीतला.
म्हणून आज दुपारी पुन्हा धानोरा,
शाळेचा व्हरांडा, खडूची धूळ,
तो दप्तर न काढताच उभा.
परत? काहून?
मी सगळं सांगितलं,
वीज, जनरेटर, पोती, पोलीस.
आणि हेही की या रक्तातून
त्याच्यासाठी काही निघेलच, असं मला म्हणता येत नाही.
त्यानं ऐकून घेतलं,
गणिताच्या सरांचं ऐकावं तसं, अर्धं.
मग शर्टाची बाही वर सारली.
बरं. या हातातून घ्या.
त्या हाताची शीर तुमाले सापडत नाई.