आठ कोपरे

तार्तूमध्ये नोव्हेंबरात चारलाच दिवस मिटतो.
खिडकीबाहेर एमायोगी नदी आहे
असं आपण धरून चालतो.
हेल्वे रान्नामेच्या स्क्रीनवर मात्र
समुद्र कायम उजेडात:
वरचं मचूळ पाणी फिकट हिरवं,
तळाचं खारं, जांभळं,
आणि दोहोंमध्ये ताणलेला पातळ पापुद्रा,
मीठ जिथे आठच्या पुढे जातं.

त्या पापुद्र्याला, हीउमा बेटाच्या पश्चिमेला,
एक भोक.

अकरा वर्षं तिनं ते भोक जपलं.
तीन परिषदांना नेलं, चहूबाजूंनी फिरवून दाखवलं,
एका पोराची पीएच.डी. त्यातूनच निघाली.
बेटावरच्या एंडेल वाह्ट्रिकनं तर
चित्र छापून मागवलं
आणि होडीच्या शेडमध्ये जाळ्यांशेजारी ठोकलं.

माझं काम वेगळं. मी चित्रं काढत नाही.
मी यंत्राला एकच प्रश्न शिकवते: कशावरून?
ते विचारत राहतं.
त्याला भीड नाही, मुर्वत नाही,
कॉफीची वेळ नाही.

हेल्वे स्वतःच आली होती. म्हणाली,
मार्चमध्ये निवृत्त होते आहे,
जाण्याआधी माझा प्रोग्रॅम एकदा तपासून दे.
तपास कसला, तिला शिक्का हवा होता.
मी विधान लिहिलं:
चित्रात जे भोक दिसतं ते मोजलेल्या आकड्यांतही असतं.
सिद्ध कर, असं यंत्राला सांगून
दिवा मालवून घरी गेले.

सकाळी सिद्धता नव्हती.
आठ आकडे होते.

समुद्र मोजतात तो ठिपक्याठिपक्यांनी,
इथे एक आकडा, तिथे एक,
मधलं सगळं आपण भरायचं.
आठ ठिपके मिळून एक घन, असे लाखो घन.
त्यातल्या एकाची एक भिंत घ्या:
तिरके समोरासमोर दोन कोपरे खारे,
उरलेले दोन मचूळ.
आता खाऱ्यानं खाऱ्याला जाऊन मिळायचं
की मचूळानं मचूळाला?
ठिपके तेच. रेघ कोणी कशी ओढायची?

हेल्वेचा प्रोग्रॅम या घनात एक उत्तर देत होता,
शेजारच्या घनात दुसरं.
एकाच सामाईक भिंतीबद्दल दोन शेजारी
दोन तोंडांनी बोलत होते
आणि भांडणातल्या फटीतून
अकरा वर्षं आम्ही खोल पाणी बघत होतो.

यंत्र असं म्हणालं नाही की भोक नाही.
ते एवढंच म्हणालं: यावरून नाही.

तिनं आठही आकडे बोटांवर मोजले,
परत मोजले.
कॉफीवर साय धरली.
सातशे बाराव्या ओळीत एक चिन्ह उलटं होतं,
तिनं ते सुलटं केलं, चित्र पुन्हा काढायला लावलं.
पापुद्रा सलग झाला.
नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीसारखा,
बघवेना.

मग तिनं हीउमाला फोन लावला.
स्पीकर चालू होता, मी उठून जायला हवं होतं.
तिनं सगळं सांगितलं, सबबी न सांगता.
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.

मग एंडेल म्हणाला,
तिथं मासा मला कधी गावलाच नाही.
तुझं चित्र होतं म्हणून जात राहिलो.
आणि आता बाटल्यांचं काय करू?

कसल्या बाटल्या?

दगड बांधून सोडायचो, वर आल्या की बुचाला मेण.
शेडमध्ये आहेत सगळ्या, एकशे चाळीसेक.
तारखा घातल्यात सुताराच्या पेन्सिलीनं.
फेकून देऊ?

हेल्वेनं माझ्याकडे पाहिलं नाही.
किती खोलवर सोडायचास?

दोरी संपेपर्यंत.

खण उघडून, माझे कागद उपसत,
ती पेन्सिल शोधू लागली.
दोरी, तिनं विचारलं, किती लांब आहे?